घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून कधी जाऊ नये, असं म्हणतात. साहेबाच्या पुढून जाणं मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं. नोकरी सोडली, फ्रीलान्स झाले, विषय संपला! घोड्याच्या मागून मात्र गेले. गेल्या जुलैत, मामाच्या फार्महाऊसवर. अंगात नवाकोरा पिवळाधमक रेनकोट, हातात मोबाइल. रेनकोट असा, की एक पाऊल टाकलं की चिप्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज. तबेल्यात शिरले, ‘राणीऽऽ’ म्हणायला तोंड उघडलं आणि पुढच्या सेकंदाला मी भिंतीला टेकून खाली बसलेली. डाव्या मांडीवर नालाचा अर्धा चंद्र. पुढचे तीन आठवडे तो जांभळा, हिरवा, पिवळा असे रंग बदलत होता. डॉक्टर म्हणाले, चार बोटं खाली लागली असती तर गुडघा गेला असता.

मामाचा निकाल तयार होता. “घोडीला खोड आहे.”

तर मामा. मामाचा खारघरला फ्लॅट आहे, पनवेलला टाइल्सचं दुकान आहे आणि नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला, तीस गुंठे जागा आहे. पनवेल, फार्महाऊस आणि घोडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लगेच एक शर्टलेस सुपरस्टार येणार, माहितीये! मामाच्या डोक्यात घोड्याचं खूळ शिरलं ते बहुतेक त्याच वाऱ्याने, पण तो कबूल करत नाही. तो म्हणतो, आपल्या रक्तात घोडा आहे. आमच्या रक्तात शुगर आहे, बाकी काही असल्याचं रिपोर्टमध्ये आलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला मामा आणि त्याचे दोन मित्र गाडी काढून सारंगखेड्याला गेले. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठावर, दत्ताच्या यात्रेत भरणारा हा घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, आत वळून टोकाला टोक लावणारे ते टिपिकल कान, सगळं काही. घेणारे तरी काय काय बघतात! रंग, उंची, चाल, दात, अंगावरचे भोवरे. देवमण आहे का, एखादा अशुभ भोवरा तर नाही ना. मामाने पंचकल्याणी घोडी पसंत केली. तांबूस अंग, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. नाव राणी. भोवरे दोनदा मोजले म्हणे. ‘ही आजवर कोणाबरोबर उभी राहायची?’ असं मात्र मामाने विचारलं नाही. विचारलं असतं तर विकणाऱ्याने त्याला वेड्यातच काढलं असतं.

राणी पनवेलला आली ती थेट सिंगल रूममध्ये. बारा बाय बाराचा तबेला, खाली मामाच्याच दुकानातल्या टाइल्स (पुढे त्या उखडून माती टाकली, कारण ओल्या टाइल्सवर घोडी घसरते हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं), वर पंखा. आमच्या अंधेरीच्या पीजीपेक्षा जागा मोठी होती, खोटं कशाला बोलू. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला चंदी: भिजवलेला हरभरा, भुसा आणि अंगाला चमक यावी म्हणून शेंगदाण्याची पेंड. वर एक पेंढी कडबा. रविवारी मामा तिच्यावर बसून गेटपर्यंत जायचा आणि परत यायचा. फोटो व्हॉट्सअॅपवर. बस्स.

आणि मग ‘खोडी’ सुरू झाल्या. दाराच्या फळीला दात टेकवायचे, मान ताठ करायची आणि उलटा ढेकर दिल्यासारखा आवाज काढत हवा आत ओढायची. दिवसातून शेकडो वेळा. फळी कुरतडून अर्धी झाली. संध्याकाळी चंदीची वेळ जवळ आली की पुढच्या दोन पायांवर डावी-उजवी, डावी-उजवी डोलत राहायची. येणारे पाहुणे म्हणायचे, “अय्या, नाचते!” आणि ती कधी बसायची नाही. तिची देखभाल करणारे दादा जवळच्या वाडीतले. माळी, वॉचमन, मोतद्दार सगळं तेच. ते तर अभिमानाने सांगायचे, “आमची राणी तीन वर्षांत एकदा बसली नाही, ताई!” मलाही वाटलं, वा, काय स्टॅमिना आहे.

माझ्या मांडीचा चंद्र मावळला आणि गणपती आले. मामाकडे दीड दिवसाचा असतो. विसर्जन झालं, पाहुणे पांगले आणि किचनमध्ये मोदक, पुऱ्या, शिरा यांचा ढीग उरला. मला राणीशी सेटिंग करायचं होतं. लाथ खाल्ल्यापासून तिच्याजवळ गेलं की माझे खांदे आपोआप कानांपर्यंत वर जायचे आणि ते मला अजिबात कूल वाटत नव्हतं. मग काय, अर्धी बादली भरली आणि नेऊन ठेवली तिच्यापुढे. चार मिनिटांत बादली चाटून पुसून साफ. तिने माझा हातही चाटला. मी रील काढलं. कॅप्शन होतं, ‘फायनली फ्रेंड्स’.

रात्री सव्वाला दादांनी दार वाजवलं.

राणी पुढच्या पायाने जमीन खरवडत होती. मान वळवून सारखी स्वतःच्या पोटाकडे बघत होती, जणू तिथे कोणी चावतंय. अंग घामाने ओलं, नाकपुड्या फुगलेल्या. गुडघे मोडायची, पुन्हा दचकून उठायची. दादा म्हणाले, पोट फुगलंय. पनवेलहून जनावरांचे डॉक्टर पावसात मोटारसायकल मारत यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही तिला चिखलात गोल गोल चालवत होतो. घोड्याला उलटी होत नाही, हे मला त्या रात्री कळलं. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेलं वर येतच नाही. आपण चुकीचं खाल्लं तर ओकून मोकळे होतो. घोड्याला ती सोय नाही. म्हणून पोटशूळ हा घोड्याचा नुसता पोटदुखीचा आजार नव्हे, त्याने घोडा मरतो.

डॉक्टरांनी दोन्ही कुशींना स्टेथोस्कोप लावला आणि विचारलं, “खायला काय घातलंत?”

कोणी बोललं नाही. मामा दादांकडे बघून म्हणाला, “हाच काहीतरी देत असतो मध्ये मध्ये.” दादा खाली बघत उभे. मला खरंच सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटायला मी पाच-सहा सेकंद घेतले. ते पाच-सहा सेकंद मला अजून आठवतात. दादांना ते तेव्हाच कळलं असणार, कारण बादली त्यांनीच धुतली होती. शेवटी मी म्हटलं, “मी. मोदक. आणि पुऱ्या, शिरा. अर्धी बादली.”

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून जठरापर्यंत नळी घातली, तेल सोडलं. मग वाट बघणं. पहाटे पाचला राणीने लीद टाकली आणि आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. मास कॉमची डिग्री हातात पडली तेव्हाही मी एवढी खूश नव्हते.

चहा पिताना मी सॉरी-सॉरी सुरू केलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “मॅडम, तुम्ही फक्त काडी लावलीत. दारू आधीच ठासून भरली होती.” आणि त्यांनी मामाला एकच प्रश्न विचारला. चोवीस तासांपैकी किती तास हिच्यासमोर चारा असतो?

मामाने हिशेब केला. चंदी पंधरा मिनिटांत संपते. कडबा तासाभरात. दोन वेळचे मिळून अडीच तास. उरलेले साडेएकवीस तास राणी भिंत बघत उभी.

तर फंडा असा आहे. घोडा हा दोन वेळ जेवणारा प्राणीच नाही. मोकळ्यावर सोडलेला घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो. दोन घास, एक पाऊल. दोन घास, एक पाऊल. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, जेमतेम एक बादली मावेल एवढं. पण त्यात आम्ल मात्र चोवीस तास पाझरत असतं. त्यावर उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. आपल्यासारखं मिसळीचं नाव काढलं की तोंडाला पाणी, असं त्याचं नाही. म्हणजे चावणं बंद, लाळ बंद, आम्ल चालू. रिकाम्या पोटी सलग अॅसिडिटी. वरून हरभरा आणि पेंडीचा मारा. गवत पचवायला बनलेल्या त्याच्या लांबलचक आतड्यात हे एकदम जाऊन पडलं की गॅस होणार नाही तर काय होणार? साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सहा-सात किलो तरी सुका चारा हवा आणि तो दिवसभर पुरवून पुरवून हवा. राणी फळीला दात लावून हवा ओढायची ते हौस म्हणून नव्हे. रानात मोकळ्या राहणाऱ्या घोड्यांना ही सवय लागलेली दिसत नाही. ती लागते तबेल्यात.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, असं आपण कुठलंही काम अडलं की विचारतो. इथे ते शब्दशः पेंड खाऊनच अडलं होतं!

या सगळ्यासाठी परदेशी पुस्तकं वाचायचीही गरज नव्हती. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलंय. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, म्हणून. पण ते पत्र नीट वाचलंत तर त्याचा मोठा भाग घोड्यांच्या चाऱ्याबद्दल आहे. पावसाळाभर पुरवायचा दाणा आणि गवत आत्ताच उधळून टाकलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, हे महाराज स्वच्छ सांगतात. इतकंच नाही, गवताच्या गंजीजवळ चिलीम ओढू नका, दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवेल आणि पागा जळेल, इतकं बारीक! राज्य चालवणाऱ्या माणसाला गवताची काळजी होती. आमच्या मामाला टाइल्सची.

मामाने मात्र मनावर घेतलं. पेंड बंद. चंदी कमी करून चार वेळांत विभागली. पनवेलच्या कोळीवाड्यातून जुनी बारीक जाळी आणली, दादांनी तिची पिशवी शिवली, त्यात वाळलं गवत भरून उंचावर टांगलं. पाय अडकू नये म्हणून उंचावर. जाळीतून एक एक काडी ओढत बसायची म्हणजे तेवढंच गवत बराच जास्त वेळ पुरतं. मग लॉन! मामाचं लाडकं, कार्पेट ग्रासचं लॉन. तिथे मागच्या बाजूला बांबूचं कुंपण घालून राणीला सोडायचं ठरलं. पावसाळ्यातलं कोवळं हिरवं गवतही एकदम सोडलं तर बाधतं, म्हणून पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग अर्धा तास, मग तास, असं वाढवत नेलं. महिन्याभरात लॉनची पार वाट लागली. मामी म्हणाली, बरं झालं, माळ्याचा खर्च वाचला.

हवा ओढणं कमी झालं. डोलणं नाही. संध्याकाळ झाली की राणी कुंपणाशी येऊन रस्त्याकडे तोंड करून खिंकाळायची आणि मग डोलायला लागायची. पोट भरलेलं, जागा मोकळी, मग आता प्रॉब्लेम काय?

तो मला माथेरानला कळला. ऑक्टोबरमध्ये एका स्टोरीसाठी गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, त्यावर. माणसाने माणसाला ओढणं बंद व्हायलाच हवं होतं, वाद नाही. पण दस्तुरी नाक्यावर उभी राहिले आणि माझं लक्ष सारखं घोड्यांकडेच. लहानपणी इथेच पहिल्यांदा घोड्यावर बसले होते. तेव्हा मला घोडा म्हणजे पाय असलेली सायकल वाटायची. आता पहिल्यांदा बघत होते. दोन घोडे एकमेकांना उलटसुलट उभे, एकाचं तोंड दुसऱ्याच्या मानेच्या मुळाशी, आणि दोघंही दातांनी एकमेकांना खाजवतायत. डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ सैल. पाच मिनिटं तरी चाललं होतं.

“भांडतायत का, चाचा?” मी घोडेवाल्या म्हाताऱ्या चाचांना विचारलं.

“भांडतात कुठे? दोस्त आहेत. हा त्याच्याशिवाय पॉइंटवर जात नाही. गिऱ्हाईक एकच असलं तरी दुसऱ्याला मोकळा मागे चालवतो मी.”

मी नंतर वाचलं, की मानेच्या मुळाशी असं खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके खरोखर कमी होतात, हे फ्रान्समध्ये १९९३ मध्ये मोजून दाखवलंय. इंग्रजीत घोड्याच्या गरजा तीन ‘एफ’मध्ये सांगतात: फ्रेंड्स, फोरेज, फ्रीडम. सोबत, चारा, मोकळीक. आम्ही दुसरा आणि तिसरा एफ दिला होता. पहिला राहून गेला होता. कळपातल्या प्राण्याला एकटं ठेवणं म्हणजे त्याला सतत ड्युटीवर ठेवणं. कळपात कोणीतरी एक जण जागा असतो, बाकीचे निवांत. एकट्या घोड्यासाठी वॉचमन कोण? तोच.

मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, “म्हणजे आता दुसरा घोडा? तू पैसे देतेस?” फ्रीलान्सरला असले प्रश्न विचारू नयेत.

तोडगा मामीने काढला. चातुर्मास! आषाढी ते कार्तिकी लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणजे वरातीचे घोडे बसून. मालकाला चाऱ्याचा खर्च अंगावर. मामीच्या ओळखीत पनवेलचा एक वरातवाला होता. त्याचा एक म्हातारा नुकरा घोडा होता. मूळचा पांढराशुभ्र, आता जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट. उरलेले दिवस तो आमच्याकडे राहील, चारा आमचा, असं ठरलं. मालकाला सौदा इतका स्वस्त वाटला की त्याने दोनदा विचारून खात्री केली. घोड्याचं नाव शाहरुख. पनवेलच्या फार्महाऊसवर राहायला येतोय आणि नाव शाहरुख! मामाला तीन दिवस हसू आवरत नव्हतं.

पहिल्या दिवशी दोघांच्या मध्ये कुंपण ठेवलं. नाकाला नाक, मग एकदम किंकाळी, मग राणीच्या दुगाण्या. मामा म्हणाला, झालं, जमत नाही यांचं. दादा म्हणाले, राहू द्या, बोलतायत. चौथ्या दिवशी कुंपण काढलं. सहाव्या दिवशी सकाळी सहाला दादांचा मला फोन, आवाज कापरा: “ताई, राणी पडलीये.”

मी न्यू पनवेलहून स्कूटी कशी मारली मला आठवत नाही. डोक्यात एकच, पुन्हा पोटशूळ. या वेळी मी काहीच दिलं नव्हतं, पण मनात पहिला हिशेब स्वतःचाच केला. पोचले तर मामा खारघरहून माझ्या आधी पोचलेला, बनियनवर. आणि राणी लॉनवर आडवी. पाय लांब केलेले, मान जमिनीवर, डोळा मिटलेला. कान मध्येच थरथरायचे, ओठ हलायचे. शेजारी शाहरुख उभा, एक मागचा पाय सैल सोडून, पण कान रस्त्याकडे.

डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मोबाइल जवळ न्यायला सांगितलं, बघितलं आणि म्हणाले, “झोपलीये हो. उठवू नका.”

घोडा उभ्याने डुलकी काढू शकतो. त्याच्या पायांतले सांधे असे अडकतात की स्नायूंना मेहनतच पडत नाही. पण स्वप्नं पडणारी गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. रोज अर्धा-पाऊण तास तरी ती लागतेच. आणि आडवं व्हायचं तर आजूबाजूला सुरक्षित वाटायला हवं. ‘तीन वर्षांत एकदा बसली नाही’ म्हणून आम्ही जिचं कौतुक करत होतो, ती तीन वर्षं धड झोपली नव्हती. दादा काही बोलले नाहीत. विहिरीपाशी जाऊन उगाच बादल्या धूत बसले.

आता माझं आणि तिचं. बर्लिनमधल्या ‘हुशार हान्स’ची गोष्ट आम्हाला मास कॉमला नॉनव्हर्बल कम्युनिकेशनच्या पेपरला होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या एका निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. सात अधिक पाच विचारलं की बारा वेळा टाप आपटायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली, तिला फसवाफसवी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने तपासलं तेव्हा कळलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स नापास. बाराव्या टापेला विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, आणि हान्स थांबायचा. परीक्षेत मी यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती. घोड्याला गणित येत नव्हतं, इतकंच तेव्हा लक्षात राहिलं. तो समोरच्याच्या मानेतला केसभर ताण वाचत होता, हे लक्षात यायला लाथ खावी लागली. मी खांदे वर करून, श्वास रोखून ‘फ्रेंड्स फ्रेंड्स’ करत जायचे तेव्हा राणी काय वाचत असेल!

आता मी मागून जात नाही, अगदी नाकासमोरूनही नाही. घोड्याचे डोळे बाजूला असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी पाठीमागचं आणि कपाळासमोरचं, नाकाखालचं तेवढं सोडून. म्हणजे आपण लाडाने थेट कपाळावर थोपटायला जातो, तिथेच तो आपल्याला बघू शकत नाही. मी खांद्याच्या बाजूने जाते, आधी आवाज देते, श्वास सोडते, मानेच्या मुळाशी खाजवते. दादांनी खरारा करायलाही शिकवलंय. रेनकोट मी ओएलएक्सवर विकला.

तुळशीचं लग्न लागलं आणि मालक टेम्पो घेऊन आला. हे ठरलेलंच होतं, पण राणीला कोण सांगणार? टेम्पो वळणाआड गेला तशी ती कुंपणालगत धावत सुटली. रात्रभर खिंकाळत होती. दुसऱ्या दिवशी गवताला तोंड लावलं नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा डोलायला लागली. डावी-उजवी, डावी-उजवी. ‘खोड आहे’ म्हणणारा आमचा मामा प्लास्टिकची खुर्ची टाकून दोन रात्री तिच्याजवळ बसला होता. तिसऱ्या रात्री त्याने मालकाला फोन केला. विकत द्यायला मालक तयार नव्हता, सीझन तोंडावर. शेवटी असं ठरलं, की शाहरुख राहणार आमच्याकडेच, वरात असेल त्या दिवशी मालक नेणार आणि रात्री परत आणून सोडणार. टेम्पोचं भाडं मामाचं. मामीने वहीत वेगळं पान उघडलं.

हा अर्धाच तोडगा आहे, माहितीये मला. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या तेव्हा मी कॉलेजवयाची होते आणि मला त्या रोमँटिक वाटायच्या. वरातीचं तरी काय वेगळं आहे? डिसेंबरमध्ये पनवेलला एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले, तर वरातीत नवरदेवाखाली शाहरुख! डीजेचा दणका छातीत बसत होता. एलईडीचे दिवे, फटाक्यांची माळ. त्याचे कान मागे चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, शेपूट आत दाबलेली. पाय जागच्या जागी पडत होते. मी नवरदेवाच्या भावाला म्हटलं, फटाके जरा लांब लावा ना. तो म्हणाला, “अगं, एन्जॉय करतोय तो, बघ कसा नाचतोय!”

भांडण्यात अर्थ नव्हता. मी भरजरी साडी खोचली आणि त्याच्या खांद्याशी, त्याला दिसेन अशी, चालत राहिले. हॉल येईपर्यंत. मालकाने लगाम जरा सैल धरला, तेवढं मी त्याच्याकडून मागून घेतलं. फोटोत सगळीकडे मी घोड्याच्या बाजूला आलेय, मैत्रीण अजून बोलते त्यावरून.

जेवणं झाल्यावर मी टेम्पोच्या केबिनमध्ये बसून नेऱ्याच्या पुढे गेले. रात्रीचा दीड. फार्महाऊसच्या वळणाच्या आधीच मागून शाहरुख खिंकाळला. अंधारातून लगेच उत्तर आलं. दादा गेट उघडून उभेच होते. म्हणाले, “पाच मिनिटं झाली, कुंपणाला लागून उभी आहे. मला टेम्पोचा आवाज आला नव्हता अजून.”

शाहरुख फळीवरून खाली उतरला, अंग झटकलं, लांब फुरफुरला. राणीने त्याच्या मानेच्या मुळाशी तोंड घातलं. केसांना अजून झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, त्या तिने आधी खाल्ल्या. मी मामीला मेसेज टाकला: पोचला. टेम्पोचे आठशे झाले.